तुम्ही विचारलंत म्हणून: चौदावी प्रार्थना

चर्चमधली उपासना संपली की कुणीतरी गाठतंच. "ताई, पुरात प्रार्थनेनं बोट आली ती साक्ष, देवानं काय केलं ते, परत सांगा की. तरुण पोरांना ऐकू दे." आणि शाळेतले माझे जुने सहकारी, अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते, ते दुसऱ्या टोकाने धरतात. "बोट देवानंच धाडली, याला पुरावा काय?" पहिल्यांना मी घसा बसल्याचं सांगते, दुसऱ्यांवर खेकसते. उत्तर दोघांनाही एकच आहे.

२०१९ चा पूर सांगलीकराला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ ला ते ५४ च्या आसपास थांबलं होतं, आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला शिवून मागे फिरलं होतं. त्या पायरीच्या भरवशावर आम्ही घर सोडलं नाही. ही चूक आमची, तिच्यात देवाला ओढायचं नाही.

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मिरजेला. मंगळवारची पाळी चुकली. बुधवारी दुपारी तिच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा भरून येईना. आडवं केलं की दम लागायचा, म्हणून उशा लावून बसवलेली. समोरच्या दारात अण्णा, पंचाहत्तरीचे माळकरी, आणि त्यांची सून. अण्णांच्या हृदयाच्या गोळ्या संपल्या होत्या. ते हरिपाठ म्हणत होते, मी प्रार्थना करत होते. मधल्या जिन्यात गढूळ पाणी, त्यात कुणाचा तरी गॅस सिलिंडर तरंगत होता.

पावणेपाचला बोट आली. जागा दोघांपुरतीच. अण्णा म्हणाले, "आईंना न्या आधी. मी येतो की मागनं." आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यातून उतरवलं. पुढून बोटीतल्या पोरानं धरली, मागचे दोन पाय अण्णांनी. मी "अण्णा, सोडा" म्हणाले का? म्हणाले असेन. सोडली नाही त्यांनी, आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. शेवटच्या पायरीवर ते छातीपर्यंत पाण्यात होते.

आई रात्री मशिनवर गेली आणि वाचली. इकडे अंधार पडला, ओढ वाढली, बोटीची दुसरी खेप झालीच नाही. अण्णा पहाटे गेले. त्याच गुरुवारी ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना काढणारी नाव उलटली, माणसं बुडाली. त्या नावेत कुणी देवाचं नाव घेतलं नसेल, असं मला कुणी पटवून द्यावं.

आणि एवढं होऊनही ऑक्टोबरात मी चर्चमध्ये उभी राहिले. "आमेन म्हटलं, डोळे उघडले, आणि खाली इंजिनाचा आवाज! प्रभू उशीर करत नाही." लोकांनी हालेलुया म्हटलं. अण्णांच्या सूनबाईंना मीच बोलावलं होतं, त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. बाहेर आल्यावर चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "ताई, अण्णांनी खुर्ची धरलेली, ते राहिलं सांगायचं." एवढं बोलून रिक्षात बसल्या.

त्या रात्री मी मोजलं. मंगळवार सकाळपासून बुधवारच्या पावणेपाचपर्यंत आम्ही मायलेकींनी चौदा वेळा प्रार्थना केली होती. चौदाव्या आमेनला बोट आली, हे खरंच. आधीच्या तेरा आमेननंतर नुसतं पाणी वाढलं, हेही तितकंच खरं. साक्षीत मी तेरा गाळल्या. खोटं एक अक्षर बोलले नाही, तरी साक्ष खोटी झाली.

म्हणून अंनिसवाल्यांनो, तुम्ही जिंकलात असं नाही. माझा भाचा २००६ चा तो अमेरिकन अभ्यास तोंडावर फेकतो: बायपासचे १,८०२ पेशंट, प्रार्थनेने काही फरक नाही, उलट आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्यांच्यात गुंतागुंत जास्त, ५९ टक्के. असेल. पण आईची नडगी काही त्या १,८०२ मध्ये नव्हती, आणि ती बोट मी तुम्हाला मागणीप्रमाणे परत आणून दाखवू शकत नाही. (हे म्हणताना मला कळतं की प्रत्येक बुवाबाबा हेच म्हणतो.) माझी आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात आया होती, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या. ती सांगायची, ऑपरेशनआधी प्रार्थना व्हायची, पण म्हणून कुणी हात धुवायचं सोडलं नाही. मी त्या घरातली आहे. पुरावा मागितल्याचा मला राग नाही. माझ्याकडे तो नाही, याचा आहे.

आणि मंडळीतल्या भावाबहिणींनो, "देवाची वेळ" म्हणताना जरा थांबा. बायबलात, मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावरही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आपले पाळक तिथून घाईनं कबर उघडून लाजर जिवंत होण्याकडे जातात. मी हल्ली लाजराच्या बहिणीपाशी, मार्थेपाशीच अडते. ती गावाबाहेर येऊन तोंडावर विचारते, तू इथं का नव्हतास. तिच्या घरी उत्तर आलं तरी. अण्णांच्या घरी चौथा दिवस उजाडला, मग पाचवा, मग तेरावा घातला.

आई पुढे दोन वर्षं जगली. त्या दोन वर्षांबद्दल देवाचे आभार मानायचे मी सोडलेलं नाही, आणि मानताना खुर्चीचे मागचे दोन पाय दिसायचेही थांबलेले नाहीत. मी उगाच घाबरते, तीच साक्ष परत दिली तर काय बिघडेल, असंही कधी वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

पाळकांना सांगितलंय, परत उभी राहीन, पण खुर्चीपासून सुरुवात करीन आणि तेराच्या तेरा मोजीन. ते म्हणाले, "बघू." सूनबाईंनाही फोन केला, याल का म्हणून. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत.