तंतू विरघळवणारं औषध का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

अल्झायमरमधल्या टाऊ प्रथिनावर काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "प्रथिनाची घडी, म्हणजे त्याच्या साखळीचा आकार, बिघडते हे कळलंय, तर ती उलगडणारं औषध का निघत नाही?" पोटातला प्रश्न वेगळाच असतो: इतकी वर्षं करता काय?

मुळात निरोगी चेतापेशीत टाऊला पक्की घडीच नसते. आजारात त्याच्या रेणूंचा मधला भाग सपाट होतो आणि ते एकावर एक रचले जाऊन लांब तंतू बनतो. दोन थरांत जेमतेम ४.७ अँगस्ट्रॉम अंतर, म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. तंतूचं टोक नव्या रेणूलाही आपलाच आकार घ्यायला लावतं.

असे तंतू आम्ही नळीत हेपरिन घालून बनवायचो, रक्त गोठू नये म्हणून देतात तेच हेपरिन. सगळेच बनवायचे. मृत्यूनंतर दान झालेल्या मेंदूंतून एवढा माल कुठून मिळणार? २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने अल्झायमरच्या मेंदूतल्या तंतूंची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, उलगडली: इंग्रजी 'सी'सारखे दोन पदर, पाठीला पाठ लावून. आपलेही असेच असणार, या भरवशावर मी आमच्या तंतूंवर औषधासाठी संयुगं चाळत राहिलो. २०१९ मध्ये हेपरिनच्या तंतूंची रचना आली. आकार एक नव्हे, अनेक, आणि अल्झायमरच्या तंतूशी एकही जुळेना. त्या आठवड्याच्या बैठकीत एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मग आपण औषध नेमकं कुणावर शोधत होतो?" कुणी काही बोललं नाही. मी म्हणालो, थरांमधले बंध तर तेच आहेत ना. आवाज चढला होता माझा. फ्रीझर भरलेला होता, आणि त्यातला एकही तंतू अल्झायमरच्या रुग्णाच्या डोक्यातला नव्हता.

बंध तेच आहेत, हे मी आजही म्हणतो. पण औषधाचा रेणू कुठल्या खाचेत बसेल ते घडीवर ठरतं, आणि पिक रोगात, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्याच दुसऱ्या एका आजारात, याच टाऊची घडी निराळी असते. टाऊच्या साखळीतला २९७ ते ३९१ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा एवढाच तुकडा घेतला तर हेपरिनशिवायही नळीत अल्झायमरसारखे तंतू होतात, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. आता आम्हीही तोच वापरतो. मेंदूत मात्र अख्खं टाऊ असतं; ते हीच घडी का धरतं, कोण सांगणार?

आणि उलगडताना तंतू अर्धवट तुटला, तर दर तुटीमागे दोन नवी टोकं. वाढ टोकांवरच होते. ती विद्यार्थिनी म्हणते, उलगडायचं सोडा, टोकं बंद करा. मला तंतू उलगडायचाच आहे. मागच्या बैठकीतही आमचं जमलं नाही.