जिप्सम बोर्ड उचलायची तालीम

सहा बाय चार फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड साधारण 20 किलोचा. म्हणून नवा हमाल तो एकट्यानेच, आडवा उचलून डोक्यावर घेतो. मधे झोळ पडतो आणि बोर्ड काडकन मोडतो. कधी वरचा कागद शाबूत राहतो, आत मात्र जिप्सम तडकलेलं असतं. ते कळतं छतावर स्क्रू मारताना.

शिकवताना बाद झालेला बोर्डच पहिल्या दिवशी हातात द्यावा. थप्पीवरून ओढायचा नाही, कागद खरवडतो. लांब कड उचलून बोर्ड उभा करायचा, दोघांनी एकाच बाजूला राहून, एक हात खाली, एक वर. ठेवतानाही कोपरा आधी टेकवायचा नाही; सगळ्यात जास्त माल कोपऱ्यांतच मरतो.

गोदामात थप्पी आडवीच. खाली दीड-दोन फुटांवर सारख्या उंचीच्या लाकडी पट्ट्या, आणि थरांमधल्या पट्ट्या बरोबर एकावर एक. भिंतीला टेकवून ठेवलेले बोर्ड वाकतात, शिवाय चवड अंगावर आली तर पाय मोडतो.

टेम्पोत दोरी आवळताना कडेला पुठ्ठ्याचा कोन हवाच. पावसाळ्यात ताडपत्री वरून आणि बाजूंनीही. भिजलेला बोर्ड वाळवून साइटवर पाठवू नका, परतच येतो.