मडक्यातली शिवराई

विहीर खणताना सापडलेलं फुटकं मडकं १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे पंचनामा होऊन जतनासाठी आमच्याकडे आलं. आत तांब्याच्या नाण्यांचा एकच हिरवा गोळा, आणि कागदाच्या पुडीत सुटी सहा नाणी. ही सहा मात्र गुलाबी, लखलखीत. कुणीतरी देवाची भांडी घासावीत तशी चिंच-मीठ लावून घासली होती. मला गोळ्यापेक्षा त्या सहांचीच काळजी जास्त वाटली.

जमिनीत इतकी वर्षं पडलेल्या तांब्याच्या नाण्याचा चेहरा धातूत उरलेला नसतो. वर माती, तिच्याखाली हिरवा मॅलाकाइट, आणि त्याच्याखाली तांबूस-तपकिरी क्युप्राइटचा पातळ थर. शिवराईवरची, म्हणजे शिवरायांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यावरची, ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं त्या क्युप्राइटमध्ये टिकलेली असतात. चिंच हिरव्याबरोबर तोही थर खाऊन टाकते आणि खड्डेदार धातू उघडा पडतो. मिठातलं क्लोराइड त्या खड्ड्यांत जाऊन बसतं. पावसाळी दमट हवा लागली की तिथून फिकट हिरवी भुकटी बाहेर पडायला लागते आणि नाणं आतून पोखरत जातं.

गोळ्याचं वजन केलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. एका कडेला हिरव्या थरात कापडाची वीण उमटली होती. दहापट भिंगाखाली उभे-आडवे धागे मोजता येत होते, म्हणजे नाणी फडक्यात बांधून मडक्यात ठेवलेली. त्या कडेची चार नाणी सोडवायचीच नाहीत असं ठरवलं. हा ठसा एकदा गेला की कुठल्याच उपायाने परत येत नाही.

बाकीच्यांसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १५० ग्रॅम रोशेल सॉल्ट. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा हवाच. रोशेल सॉल्ट म्हणजे चिंचेतल्याच टार्टरिक आम्लाचा क्षार, पण कॉस्टिकच्या सोबतीने तो हिरवा थर सोडवतो आणि क्युप्राइटला फारसा शिवत नाही. द्रावण कापसाच्या बोळ्याने फक्त जोडांवर लावलं. बोळा निळा झाला की बदलायचा, दर दहा मिनिटांनी भिंगाखाली बघायचं. जोर लावून नाणी उचकटली तर एकाचा चेहरा दुसऱ्याला चिकटून निघतो, म्हणून आपणहून सुटेपर्यंत थांबलो. उरलेली माती बांबूच्या काडीने आणि बाभळीच्या काट्याने काढली. तारेचा ब्रश टेबलावर ठेवतच नाही. दुपारी पहिल्या नाण्यावर दोन ओळींमधली जोडरेघ दिसली: दुदांडी, पेशवाईतली शिवराई.

ती चिंच-मिठाने घासलेली सहा नाणी क्लोराइड हळूहळू बाहेर काढणाऱ्या पाच टक्के सोडियम सेस्क्वीकार्बोनेटच्या द्रावणात ठेवली. द्रावण दर आठवड्याला बदलायचं आणि काढलेल्या द्रावणाची क्लोराइडसाठी चाचणी घ्यायची: आधी नायट्रिक आम्लाने बुडबुडे थांबेपर्यंत आम्लधर्मी करायचं, मगच सिल्व्हर नायट्रेट. आम्ल विसरलं तर कार्बोनेटचाच साका बसतो आणि क्लोराइड असल्याचा भास होतो. दूधट रंग येणं थांबायला काही आठवडे गेले. मग डिस्टिल्ड पाण्यात धुऊन, अ‍ॅसिटोनमध्ये वाळवून, तांब्याला गंजापासून जपणाऱ्या बेंझोट्रायझोलच्या तीन टक्के अल्कोहोल द्रावणात चोवीस तास ठेवली.

पॅरालॉइडचा, म्हणजे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पारदर्शक राळेचा, लेप घाईने द्यायचा नाही. पावसाळ्यात अ‍ॅसिटोन उडताना नाणं गार पडतं, त्यावर दव धरतं आणि लेप पांढरट होतो. शिवाय क्लोराइड आत राहिलं असेल तर लेपाखाली ते लवकर दिसतही नाही. म्हणून भुकटी परत येते का ते बघायला आधी बंद डब्यात, ओल्या स्पंजाशेजारी, चोवीस तास.

सकाळी डबा उघडला. पाच नाणी जशीच्या तशी. सहाव्याच्या ‘शि’च्या वेलांटीत टाचणीच्या टोकाएवढी फिकट हिरवी भुकटी. ते परत सेस्क्वीकार्बोनेटमध्ये गेलं.