सगळी बटणं बंद, तरी मीटरचा दिवा लुकलुकतोय

आमचा जुना वाडा. खाली मी आणि आई, वर काका-काकू. गेल्या सप्टेंबरात मी ऑफिसात असताना वीज कंपनीची दोन माणसं आली आणि चकतीचा जुना मीटर काढून स्मार्ट मीटर, म्हणजे रीडिंग आपोआप कंपनीला कळवणारा मीटर, लावून गेली. संध्याकाळी आईचा पहिला प्रश्न, "अगं, हे मीटर बसवणार नाही म्हणाले होते ना?" सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं होतं, ते तिच्या पक्कं लक्षात होतं. आम्हाला बसवला तो पोस्टपेड. आधी वापर, मग बिल. पण एवढं सांगायलाही कुणी थांबलं नाही, याचा मला आजही राग येतो. आईने जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग कॅलेंडरवर लिहून घेतलं, हे तिचं शहाणपण.

पहिलंच बिल १७० युनिटचं आलं. एरवी आमचा आकडा नव्वदच्या आसपास. शंभरच्या पुढे दर चढा, म्हणून रक्कम थेट दुपटीवर. वीज कंपनीच्या कार्यालयात उत्तर मिळालं, "वापर वाढला असेल." घरात माणसं दोन, एक फ्रिज, तीन पंखे. वाढणार कुठून?

मग नियम वाचायला बसले. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आहे. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर कंपनीला पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडावा लागतो आणि किमान तीन महिने तो ठेवावा लागतो. हाच नियम अर्जात लिहिला, पोच घेतली. पाचाचे अकरा दिवस झाले, दोन खेपा झाल्या, पण मीटर जोडला गेला.

दोन्ही मीटरचं रीडिंग सारखंच निघालं!

मी हताश झाले. तेव्हा आमच्या नेहमीच्या वायरमननी घरातली सगळी बटणं बंद करायला लावली, फ्रिजचा प्लगही काढला. तरी वापर मोजताना लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता, आणि शेजारी 'ईएल'चा, म्हणजे 'अर्थ लोड'चा दिवा पेटलेला. आत जाणारा आणि परतणारा करंट जुळत नसला की तो पेटतो. त्यांनी वर हाक मारली, "काका, पाण्याची मोटर बंद करा हो!" मोटर थांबली आणि लुकलुकणं थांबलं.

वाड्याचं वायरिंग आजोबांच्या काळातलं. खालच्या-वरच्या घराचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, एकच. जुना मीटर फक्त फेजमधून, म्हणजे घरात वीज आणणाऱ्या तारेतून, जाणारा करंट मोजायचा. नवा फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतो आणि जो जास्त भरेल तो धरतो. काकांच्या मोटरचा करंट आमच्या न्यूट्रलमधून परतत होता आणि आमच्या बिलात मोजला जात होता.

दोन्ही न्यूट्रल वेगळे करायला एक दुपार लागली. पुढचं बिल ८६ युनिटचं. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली, म्हणून आई आता मिक्सर-इस्त्री दुपारीच उरकते.

गल्लीत आणखी दोन जुन्या घरांच्या मीटरवर मला तोच 'ईएल'चा दिवा दिसला. एका घरी आजी एकट्याच असतात, साधा फोन वापरतात. स्मार्ट मीटरचा रोजचा वापर मोबाइल ॲपवर दिसतो, तो त्या कसा बघणार? रविवारी वायरमनना घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.