दाणे नको, पाणी ठेवा

थंडी पडली (म्हणजे आपली मुंबईची, पंखा एकवर आणला की झाली थंडी) की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, बाल्कनीत लावायला बर्ड फीडर कुठला चांगला? माझं उत्तर ठरलेलंय, कुठलाच नाही. ज्वारी-बाजरी ठेवली की आधी कबुतर येतं, मागोमाग त्याचं अख्खं खानदान, मग एसीवर घाण, आणि ती घाण फुप्फुसांना किती वाईट हे आता सगळ्यांना माहितीये, दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढा राडा झाला ते आठवा.

आणि मुळात आपल्याकडे थंडीत जे पाहुणे येतात ना, थिरथिरा, धोबी, वटवटे, ते दाणे खाणारे नाहीतच हो. हे सगळे किडेखाऊ. वरती बर्फ पडला की किडे मिळेनासे होतात म्हणून तर ते एवढं अंतर कापून खाली येतात. युरोपात फीडर लावतात ते ठीकच, तिथे गोठलेल्या बागेत पक्ष्याला खायला काही उरत नाही, आपल्याकडे कुंडीतल्या कढीपत्त्यावरसुद्धा अळ्या सापडतात. तेवढी औषधफवारणी थांबवा, सुकलेली पानं लगेच झाडून टाकू नका, मातीच्या परळात दोन बोटं पाणी ठेवा आणि रोज बदला, नाहीतर डास. जास्वंद असेल तर शिंजीर (फुलातला मध पिणारा सनबर्ड) येतोच, तो इथलाच, बारमाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं पण मांडव्याच्या बोटीवर सीगलना सगळे चिप्स देतात की!" देतात, आणि फोटोही झकास येतात. पण ते कुरव, म्हणजे सीगलच, मध्य आशियातून, काही तर लडाखच्या तलावांवरून आलेले, मासे-किडे खाणारे, त्यांना मसाला वेफर्स आणि शेव कशाला? परत जाताना पुन्हा हिमालय ओलांडायचाय त्यांना. ते मीठ-तेल मला तरी बघवत नाही.

खरं बघायचं असेल तर सकाळची कर्जत लोकल पकडून वांगणीला उतरा. भात कापून झालेला असतो, नुसत्या ओलीवर वाल पेरलेला, आणि बांधावरच्या काटकीच्या टोकावर गप्पीदास बसलेला, उडून किडा पकडतो की परत त्याच काटकीवर. विजेच्या तारेवर नीलपंख, बसलेला असला की अगदी मळकट वाटतो पण पंख उघडले की बघतच राहाल. नशीब असेल तर खरुचीपण (छोटा ससाणाच), हवेत एकाच जागी पंख फडफडवत खालचा उंदीर हेरत असते. ८x४२ ची दुर्बीण पुरे, लाखाचा कॅमेरा नको, तो घेऊन आलेले लोक पक्ष्याच्या मागे शेतातून धावतात आणि वालाची नासाडी करतात, शेतकरी मग आपल्यालाच ओरडतो, आणि बरोबरच करतो. मार्च सरत आला की यातले बरेच पाहुणे परतीला लागतात, त्यामुळे जायचं तर त्याआधीच ठरवा.