सासूसमोर तोंड झाकणारे पुरुष

सहाऱ्यातल्या तुआरेग लोकांत तोंड पुरुष झाकतात, बायका नाही. मिसरूड फुटायच्या सुमारास पोराला घरची मोठी माणसं कापड बांधायला देतात, टगेलमुस्त म्हणतात त्याला, चांगलं कित्येक मीटर लांब, डोक्याला गुंडाळत आणून शेवटचा भाग नाकातोंडावरून घ्यायचा म्हणजे डोळे तेवढे बाहेर. सणासुदीचं भारी कापड नायजेरियातल्या कानोकडून येतं, त्यात नीळ कुटून कुटून बसवलेली असते, इतकी की कापड चकाकतं आणि रंग कातडीला लागतो, म्हणून जगभर यांना 'निळी माणसं' म्हणतात. तोंड का झाकतात विचारलं की सगळे सांगतात, वाळू. पण वाळू बायकांच्याही नाकातोंडात जातेच आणि त्यांचे चेहरे तर उघडे असतात. वाळूचा फायदा होतो हे खरंय, पण मुख्य गोष्ट आहे लाज, म्हणजे आपल्याकडं मर्यादा म्हणतो ती. यारदोस्तांत बसला की कापड हनुवटीपर्यंत सैल, वडीलधारं कुणी आलं की वर, आणि सासू किंवा सासरा समोर आला की पार डोळ्यांच्या खालपर्यंत. परक्या माणसासमोर जेवायची वेळ आली तर कापड खालून जरा उचलून घास घ्यायचा, तोंड दिसू द्यायचं नाही.

माझ्या आजीनं जन्मभर सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. तिकडं पदर जावई घेतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होतो.

मी आटपाडी भागात जनावरांचा डॉक्टर आहे, खाजगी प्रॅक्टिस करतो. सहारा आणि त्याच्या खालचा साहेलचा पट्टा हे माझ्या वाचनात आले ते पीपीआरमुळे, म्हणजे शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी. आपल्याकडं कळपच्या कळप झोपवणारा हा रोग, त्याची पहिली नोंद १९४२ साली पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्टमध्ये झाली. जगात अनेक देशांत जी लस वापरतात तिचं नाव 'नायजेरिया ७५/१', आपल्याकडची 'सुंगरी ९६'. रोग वाचता वाचता तिथली मेंढरं, मग मेंढरांची माणसं, असं करत करत मी त्या माणसांपाशीच थांबलो कारण पानोपानी मला आमचे धनगरवाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, दिसत होते. माण, खटाव, आटपाडी, जत इथली मेंढरं दिवाळी झाली की खाली निघतात, कुणी कोकणात, कुणी नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, पावसाळ्याला परत येतात. हेच साहेलमध्ये गायी, उंट, मेंढ्या घेऊन चालतं, फक्त अंतरं मोठी आणि मधे देशांच्या सीमा.

सीमांचा विषय तुआरेगांसाठी तर फारच जिव्हारी लागणारा. १९६० च्या आसपास फ्रेंच गेले आणि एक समाज माली, नायजर, अल्जेरिया, लिबिया, बुर्किना फासो असा पाच देशांत वाटला गेला, कुठंच बहुसंख्य नाही. मालीत १९६३ ला पहिला उठाव, मग १९६८ ते ७४ चा दुष्काळ, १९८४-८५ चा दुष्काळ, कळप संपले, तरुण पोरं लिबिया-अल्जेरियात कामाला आणि काही तर लष्करात गेली, परत आली ती बंदुका आणि गिटार दोन्ही घेऊन. १९९० ला पुन्हा उठाव, २०१२ च्या एप्रिलमध्ये उत्तर मालीत 'आझवाद' नावाचं स्वतंत्र राष्ट्रच जाहीर केलं, ते कुणी मानलं नाही आणि काही महिन्यांतच तिथं जिहादी गटांनी ताबा घेतला. एवढ्या सगळ्यातनं समाज म्हणून ते टिकले कशाच्या जोरावर, तर मला वाटतं जमिनीच्या नाही, एकमेकांशी वागायच्या रीतीच्या जोरावर. आणि ती रीत बऱ्याच अंशी बायकांच्या हातात आहे. तंबू बाईचा असतो. लग्नात तो तिच्या माहेरकडनं येतो, शेळ्यांची कातडी शिवून केलेला, आणि लग्न करणं याला त्यांच्या भाषेत तंबू उभा करणंच म्हणतात. काडीमोड झाला तर बाई तंबू गाढवावर नाहीतर उंटावर लादते आणि निघते, नवरा उघड्यावर, त्याला आईच्या नाहीतर बहिणीच्या तंबूपाशी जावं लागतं. तिफिनाग ही त्यांची स्वतःची लिपी, ती पोरांना आई वाळूवर बोटानं रेघा काढून शिकवते. इमझाद नावाचं एकतारी वाद्य आहे, गजानं वाजवायचं, ते फक्त बायकाच वाजवतात, २०१३ ला युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं.

आमच्या वाड्यावर पण बिऱ्हाड बाईच हलवते. पुरुष बकरी घेऊन पहाटेच पुढं गेलेला असतो, (मेंढराला आमच्याकडचे धनगर बकरंच म्हणतात), मागं बाई घोड्यावर भांडी, गोधड्या, कोंबड्या, वाघर आणि वर लहान पोर बांधते आणि रस्त्यानं पुढच्या तळावर पोचते. वाघर म्हणजे जाळी, रात्री मेंढरं तिच्यात कोंडतात. मी लस टोचायला जातो तेव्हा कुठलं मेंढरू गाभण, कुठलं कालपासून चरलं नाही, कुठलं अंगावर पाजत नाही हे मला घरधनीण सांगते, आईस बॉक्समधनं बाटली काढेपर्यंत तिनं आजारी तेवढी बाजूला धरलेली असतात. पण नावावर काही विचाराल तर तिच्या काहीही नाही. ना मेंढरं, ना घोडं. याबाबतीत तुआरेग आमच्या कितीतरी पुढं आहेत असं मी स्पष्ट म्हणेन.

त्यांचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र दडवता येत नाही. तुआरेग समाजात वरचे, खालचे, कारागीर आणि सगळ्यात खाली गुलाम अशी उतरंड होती, उच्च कुळाच्या बाईला घागर उचलावी लागत नव्हती कारण ती दुसरी कुणीतरी उचलत होती. साहेलमध्ये गुलामी फार उशिरापर्यंत चालली आणि फक्त तुआरेगांतच नाही. मॉरिटानियानं ती १९८१ ला बंद केली आणि गुन्हा ठरवायला २००७ साल उजाडलं, नायजरमध्ये २००३ ला गुन्हा झाला, तरी २००८ मध्ये लहानपणी विकल्या गेलेल्या एका बाईच्या केसमध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या कोर्टानं नायजर सरकारला दोषी धरलं. आपल्याला उतरंड म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आता फुलानी. हे सेनेगलपासून पार सुदानपर्यंत पसरलेले, बरेचसे आता गावात-शहरात स्थिरावलेले, पण त्यांचा जीव गायीत. यांच्या वागण्याच्या नियमांना पुलाकू म्हणतात, त्यात मुन्याल म्हणजे सोसणं, सेमतेंदे म्हणजे लाज राखणं, आणि हक्किलो म्हणजे पुढचं बघून शहाणपणानं वागणं. भूक लागली तरी दुसऱ्याच्या दारात बोलून दाखवायची नाही, दुखलं तरी कण्हायचं नाही. त्यांच्यातलेच वोडाबे म्हणून जे पूर्ण भटके आहेत त्यांच्यात हे फारच कडक, नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, दिवसाउजेडी हात धरत नाहीत, आणि आईबाप पहिल्या पोराचं नाव सुद्धा तोंडानं घेत नाहीत, चारचौघांत त्याचे लाड करत नाहीत. पहिल्या पोराचं वाचून मला वाईट वाटलं आधी. पण आमच्या घरात पण आजोबांसमोर वडिलांनी आम्हाला कधी मांडीवर घेतलं नाही, आणि आई अजूनही वडिलांना 'अहो ऐकलं का' म्हणते, नाव घ्यायचं तर फक्त उखाण्यात. म्हणून ही माणसं मला परकी वाटत नाहीत.

आणि याच वोडाब्यांचे व्हिडिओ आपल्याकडं ग्रुपवर फिरतात, 'पुरुषांची सौंदर्यस्पर्धा' म्हणून, खाली हसणारे इमोजी. तो गेरेवोल. पाऊस संपत आला, सप्टेंबरच्या सुमाराला, की विखुरलेली कुळं एका जागी जमतात, नायजरमध्ये इन-गॉलच्या आसपास तेव्हाच खारवट माती आणि खारवट गवतासाठी सगळे गुराखी आपापली जनावरं घेऊन येतात. वर्षभर नुसत्या कोरड्या चाऱ्यावर काढलेल्या जनावराला क्षार लागतातच, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो, आमचे मेंढपाळ पण मीठ चाटायला ठेवतात. तर तिथं तरणी पोरं तोंडाला गेरू लावतात, नाकावर उभी फिकट रेघ, ओठ काजळानं काळे म्हणजे दात पांढरेशुभ्र दिसावेत, फेट्यात शहामृगाचं पीस, आणि खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहून टाचा उचलत, डोळे मोठे करत, दात दाखवत तासन् तास नाचतात, गळ्यातनं एकच लांब सूर काढत. उन्हात. निवड करतात पोरी. ज्या समाजात एरवी डोळा वर करून बघणं सुद्धा लाजेचं त्यात वर्षातनं हे काही दिवस पोरांनी स्वतःला दाखवायचं आणि पोरींनी बघायचं, असं ते आहे. बाकीच्या अकरा महिन्यांची मर्यादा ज्याला माहीत नाही त्याला हे हसण्यासारखंच दिसणार.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती हब्बनाया. एखाद्याचं गोधन दुष्काळात नाहीतर रोगात गेलं, तर नात्यातला नाहीतर ओळखीतला माणूस त्याला आपली एक कालवड देतो. विकत नाही, दान पण नाही. ती त्याच्याकडं राहते, दोन-तीन वेतं होतात, झालेली वासरं त्याची, आणि मग गाय मूळ मालकाला परत. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, देणाऱ्याला रोगाच्या दिवसांत आपली जनावरं चार ठिकाणी विखरून ठेवल्याचा फायदा, आणि दोघांत जे नातं होतं ते पुढं टिकतं. १८९० च्या सुमारास गुरांची बुळकांडी आफ्रिकाभर फिरली तेव्हा फुलानींचे कळप जवळजवळ पुसले गेले होते, त्यातनं समाज परत गायीवर आला तो अशा देण्याघेण्यामुळं. पुढं सत्तर आणि ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळांनंतर बाहेरच्या मदत संस्थांनी पण हीच पद्धत उचलली. आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात, त्यात होणारी करडं निम्मी-निम्मी, तो सरळ व्यवहार आहे. हब्बनायात देणारा वासरात वाटा मागत नाही. एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या आबांना मी हे सांगितलं. ते वाघरीची खुंटी ठोकत होते, हातातला दगड खाली ठेवला आणि म्हणाले, "डाक्टर, आमच्यात बी होतं की हे. ज्याची बकरी मेली त्याला प्रत्येकानं एक एक पाठ सोडायची. आता कोन सोडतंय, बाजारात भाव किती झालाय बघा." पाठ म्हणजे तरणी मादी.

मालीत नायजर नदी पसरते त्या भागात दियाफराबेला दरवर्षी कळप नदी पोहून पार करतात, किती पाणी उतरलं ते बघून जाणती माणसं दिवस ठरवतात, महिनोन् महिने बाहेर असलेली पोरं त्या दिवशी घरच्यांना भेटतात, बायका नटून काठावर उभ्या, आणि ज्याचा कळप धष्टपुष्ट त्याचा मान. आपला बेंदूर डोळ्यांसमोर आणा. हेही युनेस्कोनं २००५ ला वारसा म्हणून जाहीर केलंय. कळप पार झाला की पीक निघालेल्या रानात चरायला शिरतात, शेण पडतं, शेतकऱ्याला खत आणि गुराख्याला ज्वारी-बाजरी. आमच्याकडं रानात मेंढरं बसवतात तसंच, शेतकरी धान्य देतो नाहीतर रात्रीमागं पैसे ठरवतो.

याच मध्य मालीत डोगोन शेतकरी आणि फुलानी गुराखी पिढ्यान् पिढ्या असेच एकमेकांवर जगले. मग शेतीची रानं वाढली, चाऱ्याच्या वाटा नांगरल्या गेल्या, २०१२ नंतर बंदुका आल्या, जिहादी गटांनी फुलानी पोरं भरती केली आणि प्रत्येक फुलानी संशयित झाला. २३ मार्च २०१९ ला ओगोसागू नावाच्या फुलानी गावावर हल्ला झाला, दीडशेहून जास्त माणसं मारली, बायका, पोरं, म्हातारे. मला ती बातमी वाचून रैनपाडा आठवलं. धुळे जिल्ह्यात १ जुलै २०१८ ला, पोरं पळवणारी टोळी म्हणून, पाच भिक्षेकरी माणसांना जमावानं ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढ्याकडची, म्हणजे आमच्या शेजारचीच. फिरणाऱ्या माणसाकडं घर दाखवायला नसतं, गावात ओळखीचं कुणी नसेल तर त्याच्यासाठी बोलणारं कुणी नसतं. पूर्वी ओळख होती कारण देणंघेणं होतं. युरिया आला आणि मेंढरांच्या खताची गरज संपल्यासारखी झाली, तेव्हापासून आमच्या वाड्यांना गावोगाव 'पुढं जा' ऐकावं लागतंय हे मी स्वतः बघतोय, मागच्या हंगामात एका वाड्याची मेंढरं रात्री हुसकली, कोकरं तुडवली गेली, टाके मीच घातले.

नायजरनं २०१० साली पशुपालनाचा कायदा केला आणि त्यात लिहिलं की जनावरं घेऊन फिरणं हा गुराख्याचा मूलभूत हक्क आहे. देश गरीब, अंमलबजावणी कशी असेल ते असेल, पण लिहिलं तरी. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यात पण भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क धरलाय. वाड्यावर हे मी वाचून दाखवलं तर ते कुणी ऐकलेलंच नव्हतं. ग्रामसभेत दावा करायचा तर कुठल्या गावच्या, वाटेवर तर पंधरा-वीस गावं लागतात. तेव्हा आता असं ठरवलंय की पीपीआरची लस द्यायला जाईन तेव्हा प्रत्येक वाड्याची वाट लिहून घ्यायची, कुठं तळ पडतो, कोणत्या ओढ्यावर पाणी, कुणाच्या रानात किती पिढ्या बसतात. आबांच्या सुनेनं सुरुवात करून दिलीय, तिला सगळे तळ क्रमानं पाठ आहेत, आणि कुठल्या तळावर कुठलं पोर झालं ते पण.