शंभराव्या दिवसाचे चिंचोके

लेक केजीत होती त्या वर्षी, जानेवारीच्या अखेरीस, तिच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली: शाळेचा शंभरावा दिवस जवळ येत आहे, तरी प्रत्येक मुलाने घरून एकाच प्रकारच्या शंभर लहान वस्तू मोजून आणाव्यात. अमेरिकेतील प्राथमिक शाळांत हा दिवस मोजणीच्या खेळांनी साजरा करतात. चिठ्ठीत तारीख मात्र पेन्सिलीने लिहिलेली होती. आमच्या न्यू जर्सीत शाळेचे वर्ष किमान १८० दिवसांचे असते, ते सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते आणि शंभरावा दिवस साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यास येतो. पण मध्येच बर्फामुळे शाळा बंद राहिली की तो पुढे सरकतो. मी चिठ्ठी वरवर वाचली आणि शंभर शेंगदाणे निवडून पिशवीत भरून दिले. वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल आहे आणि असा कोणताही पदार्थ पाठवू नये, ही सूचना त्याच चिठ्ठीच्या तळाशी ठळक अक्षरांत होती. पिशवी न उघडता परत आली, आणि लेकीने बाईंच्या टेबलावरच्या कागदाच्या टाचण्या मोजून वेळ निभावली.

पहिलीत गेल्यावर म्हणूनच मी डिसेंबरपासून तयारीला लागले. भारतीय किराणा दुकानात बियांसह मिळणारी चिंच आणली, आठवड्यातून दोनदा चिंचगुळाची आमटी केली, आणि निघालेले चिंचोके धुऊन, वाळवून डब्यात साठवले. नवऱ्याने फेब्रुवारीपर्यंत आमटीबद्दल चकार शब्द काढला नाही, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद करते. त्या वर्षी बाईंनी मदतीसाठी पालक हवे आहेत असे कळवले होते, त्यामुळे आठवड्यातून एक सकाळ मी वर्गात बसत असे आणि या शंभराव्या दिवसामागे काय रचना आहे ते मला जवळून पाहता आले.

भिंतीवर कापडाचे तीन खिसे लावलेले होते: उजवीकडचा एककांचा, मधला दशकांचा, डावीकडचा शतकाचा. शाळेच्या पहिल्या दिवसापासून रोज सकाळी एक मूल उठून एककांच्या खिशात सरबताची एक नळी टाकत असे. दहावी नळी पडली की साऱ्या नळ्या बाहेर काढायच्या, रबर बँडने जुडी बांधायची आणि ती मधल्या खिशात सरकवायची. रबर बँड दोनदा गुंडाळण्याइतके बळ सहा वर्षांच्या बोटांत नसते, नळ्या निसटून गालिचाभर होतात, आणि बाई मात्र मदतीला न धावता शांतपणे थांबतात. प्रारंभी मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता. बर्फाच्या सुट्टीनंतर एका मुलाने राहिलेल्या दिवसाची नळी टाकू का असे विचारले, तेव्हा बाकीच्यांनीच त्याला समजावले की आपण कॅलेंडरचे नव्हे, शाळेचे दिवस मोजत आहोत.

शंभराव्या सकाळी दहा नळ्यांची दहावी जुडी तयार झाली. मग दहाही जुड्या एकत्र बांधून तो जाडजूड भारा पाच महिने रिकाम्या राहिलेल्या डाव्या खिशात कोंबण्यात आला, आणि उरलेले दोन खिसे एकदम ओस पडले. पहिल्या रांगेतील एक मुलगी उठून दोन्ही खिशांत हात घालून आली आणि म्हणाली, “इथे काहीच नाही.” बाईंनी फळ्यावर १०० लिहिले आणि त्यातील दोन शून्यांखाली बोट ठेवले. शून्याची याहून सरळ व्याख्या मी तरी पाहिलेली नाही.

यानंतर प्रत्येकाने आपापल्या शंभर वस्तू दहा कागदी ताटल्यांत दहा-दहा मांडल्या: बटणे, मणी, कापसाचे बोळे आणि आमचे चिंचोके, जे चॉकलेट आहेत का असे तिघांनी विचारले. शेजारच्या मुलाच्या नऊच ताटल्या भरल्या आणि दहावीत आठ बटणे आली. त्याने एकेक ताटली पुन्हा मोजली तेव्हा दोन ताटल्यांत अकरा-अकरा निघाली. सरसकट शंभर मोजताना ही चूक सापडली नसती.

तोच दिवस शंभर वर्षांचे म्हातारे होऊन येण्याचाही असतो. पांढरी पावडर, काठी, आजीची शाल, आणि भरपूर फोटो. मुलांना मजा येते, पण त्यात गणित कणभरही नाही, आणि सकाळचा अर्धा तास शाली सावरण्यात जातो. रंगीत सिरियलच्या शंभर कड्या दोऱ्यात ओवून माळ करण्याचेही तसेच: दर दहांनी रंग बदलायला लावला तर माळेतून दशक दिसते, नाहीतर ती केवळ गळ्यात अडकवलेली न्याहारी.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी असते. इथे पहिलीत १२० पर्यंत मोजणे आणि लिहिणे अपेक्षित आहे, आणि शंभरानंतर एक म्हणून कित्येक मुले सरळ १००१ लिहितात. एकशे एकाव्या दिवशी उजव्या खिशात एकच नळी पडली, मधला खिसा रिकामाच राहिला, आणि मुलांनी खिशांकडे पाहत १०१ लिहिले.

हे सर्व पाहताना मला २०१९ मधील वाद आठवत होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना बरीच टीका सोसावी लागली. मीही तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत होते. आता वाटते की ज्या मुलाने जुड्या हाताने बांधल्या आहेत त्याला दोन्ही वाचने पेलतात, आणि ज्याने बांधल्या नाहीत त्याची दोन्हींत घोकंपट्टीच होते.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी नातीला मराठीतून आकडे म्हणायला लावले. अठ्ठावीसपर्यंत गाडी नीट गेली आणि पुढे ती “वीस नऊ” म्हणाली. “एकोणतीस म्हण गं,” आजी म्हणाल्या, “तिसाला एक कमी.” लेकीने चिंचोक्यांचा डबा आणला, तीन ताटल्यांत दहा-दहा मांडले, शेवटच्या ताटलीतला एक उचलून मुठीत धरला आणि उरलेल्यांकडे बघून “एकोणतीस” असे म्हणाली. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास करत, दर वेळी एक चिंचोका मुठीत दाबून, ती एकोणनव्वदपर्यंत गेली. दहाव्या ताटलीतला एक उचलून तिने मोठ्याने “एकोणशंभर!” म्हटले, आणि आजींनी नव्व्याण्णव असे दुरुस्त केल्यावर विचारले, “असं का?” आजी माझ्याकडे पाहू लागल्या, आणि मी ताटल्या आवरायला घेतल्या.